दुधाला नेलेली सायकल

पेपर संपला की घरी जायचं असतं, हे हरकतकाकांना कुणी शिकवलंच नव्हतं. बाकीच्यांना घाई असायची. कुणाला दुकान उघडायचं असायचं, कुणाचं मूल शेजारी ठेवलेलं असायचं. काका मात्र पेन खिशाला लावून, कठड्याला धरून सावकाश जिना उतरायचे, पायऱ्यांवर येऊन उभे राहायचे आणि कोण कुठल्या प्रश्नावर अडलंय याचा अंदाज घ्यायचे. कायद्याच्या संध्याकाळच्या वर्गात ते सगळ्यात मोठे. वयाने, म्हणजे. मार्कांच्या बाबतीत त्यांचं घोडं कायम काठावर उभं असायचं.

‘हरकत’ हे नाव वर्गानंच दिलेलं. कुणी काहीही म्हणालं की काकांचं बोट वर. “माझी हरकत आहे.” आज उकडतंय म्हटलं तरी हरकत, उकडत नाही म्हटलं तरी हरकत.

पण माणूस मुळात भांडकुदळ नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नोकरी वजनमाप खात्यात झाली. काका दुकानात शिरले की दुकानदार उठून उभा राहायचा. “हो साहेब. बरोबर साहेब. आजच करतो साहेब.” त्या ‘हो’चा अर्थ ‘आता निघा’ असा असतो, हे कळायला काकांना निम्मी नोकरी खर्चावी लागली. घरी त्यांच्याशी हुज्जत घालणारं एकच माणूस होतं, ती त्यांची बायको, आणि ती गेली. मुलगी लांबच्या शहरात. दर रविवारी न चुकता फोन करायची आणि न चुकता म्हणायची, “हो बाबा. अगदी बरोबर बाबा. ठेवू?”

तेव्हा काकांनी एक निष्कर्ष काढला होता. ज्याचं बरोबर म्हणावं तो उठून जातो. ज्याचं चूक म्हणावं तो थांबतो, खुर्ची पुढे ओढतो, हातवारे करतो आणि फारच पेटला तर तुमचा दंडसुद्धा धरतो. वर्गात नाव घालेपर्यंत काकांचा दंड कित्येक वर्षांत कुणी धरला नव्हता. आता अधूनमधून कुणीतरी धरायचं. त्या दिवशी काकांना जेवण दोन घास जास्त जायचं.

आजचा पेपर शेवटचा होता. आज हे सगळे पायऱ्या उतरून गेले की गेले. निकाल घरी बसून फोनवर बघायचा होता, त्यामुळे पुन्हा एकत्र यायला काही निमित्तच उरणार नव्हतं. उद्या संध्याकाळी आपण कुठे जायचं, या प्रश्नाला काकांकडे पर्याय नव्हते. ना अ, ना ब.

देवाची कृपा म्हणा किंवा पेपर काढणाऱ्या सरांची, पण पेपरात एक प्रश्न असा होता की त्यावर निदान आजची संध्याकाळ निघाली असती. प्रश्न असा: एका माणसाने स्टँडवरून दुसऱ्याची सायकल आपली समजून घरी नेली. दोन्ही सायकली सारख्याच होत्या. घरी गेल्यावर चूक त्याच्या लक्षात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्याच सायकलवरून दूध आणले आणि मग सायकल जागेवर नेऊन ठेवली. त्याने कोणता गुन्हा केला? अ, चोरी. ब, अपहार. क, कोणताही नाही. ड, सांगता येत नाही.

अ लिहिणारा वर्गात कुणी नव्हता आणि ड लिहायला कुणाची छाती झाली नव्हती. उरले ब आणि क.

समोरच्या पायऱ्यांवर ब होते. त्यांची पुढारी ताई. ती बँकेत कॅशियर होती आणि दिवसभर काचेच्या मागून लोकांना शिस्त लावायची सवय असल्यामुळे तिचं बोलणंही शिक्का मारल्यासारखं असायचं. पहिला वर्ग मिळाला तर बँकेच्या कायदा विभागात जाण्याची तिला संधी होती, म्हणून एकेका मार्कात तिचा जीव अडकलेला.

“अपहारच,” ताई म्हणाली. “सायकल आपली नाही हे कळलं होतं ना त्याला? कळल्यावर वापरली. विषय संपला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी पिशवी उचलली. विषय संपला हे ऐकून काकांचं बोट वर गेलं.

“माझी हरकत आहे,” काका म्हणाले.

“काका, शेवटचा दिवस आहे. आज तरी सोडा की.”

“सोडतो. फक्त एवढं सांग, सायकल परत कशी करायची?”

“कशी म्हणजे? नेऊन द्यायची.”

“डोक्यावर घेऊन?”

“डोक्यावर कशाला, चालवत न्यायची.”

“म्हणजे वापरायचीच. चालवल्याशिवाय ती परत जातच नाही. मग प्रामाणिकपणे परत करणारा प्रत्येक माणूस तुझ्या हिशेबानं गुन्हेगार.”

“अहो पण दूध—”

“डेअरी वाटेत असेल तर?”

“वाटेत आहे असं कुठे लिहिलंय?”

“वाटेत नाही असं तरी कुठे लिहिलंय? आणि संशयाचा फायदा कुणाला, हे सरांनी सांगितलंय आपल्याला.”

पिशवी उचलणाऱ्यानं पिशवी परत खाली ठेवली. ताईचा चेहरा उतरला. ती एक पायरी वर आली आणि तिनं काकांचा दंड धरला. “काका, थांबा हं. दुधाचं परत एकदा सांगा.” काकांनी परत सांगितलं. मग आणखी परत सांगितलं. डेअरीपासून स्टँडपर्यंतचा सगळा रस्ता त्यांनी हवेत बोटानं काढून दाखवला, वळणांसकट. शेवटी ताई मटकन पायरीवर बसली. “म्हणजे क. गेला माझा मार्क,” ती म्हणाली, आणि तिच्या टोळीचे चेहरे एकापाठोपाठ एक पडले. एकानं तर भर पायरीवर कपाळाला हात लावला.

पटलं होतं, हे वाईट झालं. पटल्यावर कोण थांबतं? सगळे मुकाट्यानं निघाले.

काका मग इमारतीच्या मागे पार्किंगकडे वळले. तिथे क होते. त्यांचा म्होरक्या मास्तर. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणारा तरुण. लोकांच्या शेजारी बसून जीव मुठीत धरायचा हाच त्याचा धंदा, त्यामुळे एरवी तो कशालाच घाबरायचा नाही. काका पोचले तेव्हा तो स्कूटरवर आडवा बसून निवाडा देत होता.

“परत केली ना सायकल? पंक्चर नाही, काही नाही. गुन्हा कसला त्यात? चूक कुणाकडूनही होते. चला, भूक लागली.”

“माझी हरकत आहे,” काका म्हणाले.

आता एवढ्यात जे पायऱ्यांवर ठासून सांगितलं ते इथे गिळायचं कसं, असा प्रश्न तुम्हा-आम्हाला पडला असता. काकांना पडला नाही. मास्तरच्या हातात किल्ली होती आणि ती त्यानं स्कूटरला लावली होती. काकांना दिसत होती ती फक्त किल्ली.

“चूक घरी गेल्यावर लगेच कळली,” काका म्हणाले. “मग लगेच का नाही नेली?”

“दमला असेल.”

“हा दमला. आणि तो? ज्याची सायकल, तो? त्याचा कुणी विचार केलाय?” काकांचा आवाज चढला. “तो स्टँडवर उभा आहे. सगळे आपापली सायकल काढून गेले. हा एकटा राहिलाय. एक सायकल आहे तिथे, अगदी आपल्यासारखीच, पण किल्ली लागत नाही. कुणाला विचारणार? अंधार पडायला लागलाय. आणि इकडे हा घरी निवांत. सकाळी उठून वर दूध आणतोय.”

मास्तरनं किल्ली काढली. “बाप रे. हा विचारच नाही केला मी.”

“करायला हवा होता. दुसऱ्याचा खोळंबा करून स्वतःची सोय बघायची, याला कायद्यात काय म्हणतात?”

“अपहार,” मास्तर पुटपुटला. मग त्याच्या ध्यानात आलं. “अरे, पण आम्ही तर क केलंय. मागच्या खेपेला मी एका मार्कानं गेलो होतो काका. या खेपेलाही गेलो तर घरी तोंड कसं दाखवू?”

बाकीच्यांनीही हाय खाल्ली. सगळे काकांभोवती गोळा झाले, त्यांना स्कूटरवर बसवलं, आणि सायकलवाल्याच्या नीचपणाची चर्चा सूर्य मावळेपर्यंत चालली. काकांना इतकं बरं वाटलं की घरी जाताना ते एक गल्ली चुकले.

घरी गेल्यावर नेहमीप्रमाणे शांतता होती. काकांनी टेबलावर स्टीलचं ताट उपडं घातलं आणि त्यावर फोन ठेवला. असा ठेवला की फोन थरथरला तरी सगळ्या घराला ऐकू जातं, हा त्यांचा जुना शोध होता. एरवी त्यावर विजेच्या बिलाची आठवण तेवढी थरथरायची. आज मात्र ताट थांबायला तयार नव्हतं.

पहिली ताई. “काका, आम्ही ठरवलंय. उद्या सरांना भेटायचं. सगळ्यांनी सांगायचं की खरं उत्तर क आहे, पण प्रश्नच असा काढलाय की हुशार माणूस ब लिहिणार. म्हणून ब ला पण मार्क द्या. आमच्यातर्फे तुम्ही बोला. तुमच्याइतकं पटवून कुणाला नाही सांगता येणार.”

काका हो म्हणाले. नाही कसं म्हणणार? उद्याच्या संध्याकाळचा प्रश्न सुटला होता.

मग मास्तर. “काका, उद्या सरांकडे जातोय आम्ही. उत्तर ब आहे हे तुम्ही सांगा, पण गरीब क वाल्यांवर दया करा म्हणून विनंती आम्ही करतो. येणार ना?”

इथे खरं म्हणजे काकांनी खोकून, घसा बसलाय वगैरे सांगून सुटका करून घ्यायला हवी होती. पण त्यांना कुणी ‘या’ म्हटल्याला इतके दिवस झाले होते की त्यांच्या तोंडून हो गेलंसुद्धा. फोन ठेवल्यावर मात्र त्यांचं धाबं दणाणलं. एकाच खोलीत, एकाच सरांपुढे, एकाच तोंडानं दोन उत्तरं कशी द्यायची? त्यांनी आरशापुढे उभं राहून प्रयत्नही करून पाहिला. आरशातल्या माणसाला दोन्ही बाजू पटल्या, त्यामुळे काहीच मदत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यातच गाठ पडली. खालून ताईची टोळी, पार्किंगकडच्या दारानं मास्तरची. काका ताईच्या टोळीच्या मागे लपून वर निघाले होते.

ताई मोठ्या मनाची. ती थांबून म्हणाली, “मास्तर, काल तुमची चेष्टा केली मी. पण तुमचं बरोबर होतं. आम्ही चुकलो.”

“छे छे,” मास्तर म्हणाला. “तुमचंच बरोबर. चुकलो ते आम्ही.”

“अहो नाही. क च बरोबर आहे.”

“ब आहे हो. तुम्ही ब लिहिलंत ना? मग निवांत राहा.”

“मी ब लिहिलं, पण ते चूक आहे हे मला माहीत आहे.”

“तुम्हाला काय माहीत? मी चुकलोय म्हणजे चुकलोय. मला समजावू नका.”

बघता बघता आवाज चढले. कायद्याच्या वर्गात आपणच बरोबर म्हणून भांडणारे पुष्कळ असतात. आपणच चूक म्हणून एकमेकांच्या अंगावर जाणारे लोक त्या जिन्यानं पहिल्यांदाच पाहिले असावेत. वरच्या मजल्यावरचं दार उघडलं आणि सरांनी मान बाहेर काढली. “आत येऊन भांडा,” ते म्हणाले.

सर उंच, किंचित वाकलेले, निवृत्तीला आलेले. त्यांच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि शेजारी एक पुठ्ठा. यंत्र बिघडल्यापासून सर हातानं तपासायचे. बरोबर उत्तराच्या जागी पुठ्ठ्याला कर्कटकानं भोक पाडलेलं असायचं. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकातून काळा गोल दिसला की मार्क.

“बोला,” सर म्हणाले.

“सर, सायकलच्या प्रश्नाचं उत्तर क आहे,” ताई म्हणाली.

“तू काय लिहिलंस?”

“ब.”

“सर, ऐकू नका त्यांचं,” मास्तर म्हणाला. “ब आहे.”

“आणि तू काय लिहिलंस?”

“क.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “परीक्षा झाली तेव्हा तुम्ही दोघं शुद्धीवर होतात ना? जे लिहिलं ते चूक होतं हे सांगायला तुम्ही जिने चढून आलात?”

“आम्हाला पटवून दिलं,” ताई म्हणाली.

“आम्हालापण,” मास्तर म्हणाला.

“कुणी?”

“काकांनी,” दोघं एकदम म्हणाले. आणि मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोन्ही टोळ्या बाजूला झाल्या, आणि कपाटाशेजारी अंग चोरून उभे असलेले हरकतकाका सगळ्यांना दिसले.

“काका,” ताई सावकाश म्हणाली, “आम्हाला क सांगितलंत. आणि यांना ब?”

काकांनी मान खाली घातली.

“आमची फिरकी घेत होतात? मी काल संध्याकाळपासून जेवले नाहीये. आईशी भांडले मी त्या दुधावरून.”

“मी शिकाऊ माणसाला भलत्याच गल्लीत घातलं आज,” मास्तर म्हणाला. “डोक्यात सगळी सायकल. का केलंत असं?”

काकांनी तोंड उघडलं. सवयीनं बोटही अर्धवट वर गेलं होतं, ते त्यांनी खाली घेतलं. “तुमचं बरोबर आहे म्हटलं असतं,” ते म्हणाले, “तर तुम्ही गेला असतात.”

“कुठे?”

“घरी. आपापल्या. शेवटचा पेपर होता. हो म्हटलं की सगळे निघून जातात. मला घरी जायचं नव्हतं. एकटं वाटतं मला तिथे. कुणाचं नुकसान करायचं नव्हतं. आणखी थोडा वेळ बोलत बसावं, एवढंच होतं.”

ताई टेबलाच्या कडेवरची धूळ बोटानं काढत राहिली. मास्तरनं “अहो काका,” एवढं म्हटलं, पण त्यापुढे त्याला काही सुचलं नाही. सुचणार काय? ही काही वाद घालण्याजोगी गोष्ट नव्हती.

सरांनी मग पुठ्ठा ओढला. “दोन्ही बाजू पटवता येतात याचा अर्थ प्रश्न कच्चा आहे,” ते म्हणाले. “ब चं भोक आधी होतंच.” त्यांनी कर्कटक घेतलं आणि क च्या जागी दुसरं भोक पाडलं. “क ला पण मार्क. झालं समाधान?”

झालं म्हणजे काय, नुसता जल्लोष झाला. ब वाले आणि क वाले एकमेकांच्या पाठी थोपटायला लागले. ताईनं जाता जाता काकांच्या दंडाला हात लावला. “रागावले होते, पण जाऊ दे. तुमच्यामुळेच सगळ्यांना मिळाला मार्क. खाली या काका, थांबतो आम्ही.” सगळे धडाधड जिना उतरले.

काका निघाले तर सर म्हणाले, “तुम्ही थांबा.” त्यांनी गठ्ठ्यातून काकांची उत्तरपत्रिका काढली आणि तिच्यावर पुठ्ठा ठेवला. “हे काय आहे?”

काकांनी वाकून पाहिलं. नव्या भोकातून काळा गोल दिसत होता. जुन्या भोकातूनही काळा गोल दिसत होता.

“दोन्ही काळे केलेत?”

“एक केला होता. मग दुसऱ्याचंही बरोबर वाटलं. त्याला नाही म्हणायचं जिवावर आलं.”

खालून गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. एक, मग दुसरी, मग बऱ्याच. कुणीतरी मोठ्यानं हसलं, फाटक वाजलं आणि आवाज रस्त्यानं लांब गेले. काकांनी खिडकीकडे पाहिलं नाही. सरांनी पाहिलं, आणि मग ते पुन्हा पुठ्ठ्याकडे वळले.

“या एका मार्कावर तुमचं पास-नापास आहे,” सर म्हणाले. “आणि माझ्या मते दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तेव्हा देतो.”

“माझी हरकत आहे,” काका म्हणाले.

“काय?”

“नियम आहे सर. वर छापलाय. एकापेक्षा जास्त गोल काळे केल्यास गुण नाही.”

“तो नियम एकच उत्तर बरोबर असताना.”

“तसं छापलेलं नाही. मनाला येईल तशी सवलत देता येत नाही सर, तुम्हीच शिकवलंय. उद्या कुणी तक्रार केली तर तुम्ही अडचणीत याल. मला शून्य द्या. पाहिजे तर मी लिहून देतो.”

सर खुर्चीत मागे टेकले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांच्यापुढे लोक पास करा म्हणून रडले होते, ओळखी सांगून गेले होते, एकानं तर आजारी सासऱ्याला खुर्चीत बसवून आणलं होतं. नापास करा म्हणून कायद्याचा कीस काढणारा हा पहिलाच. आणि खरं सांगायचं तर वर्षभरातला काकांचा सगळ्यात चांगला युक्तिवाद हाच होता. कारण या खेपेला ते जे बोलत होते ते त्यांना मनापासून हवं होतं.

“नापास होऊन काय मिळणार तुम्हाला?” सरांनी विचारलं.

“पुढच्या वर्षी परत बसता येईल.”

“वर्गात?”

“हो.”

सरांनी लाल पेन उघडलं आणि उत्तरपत्रिकेवर मार्क दिला. “पास,” ते म्हणाले. “नियमाचं मी बघून घेईन.”

काका खुर्चीत खचले. पास झाल्यावर माणसाचा चेहरा इतका पडलेला सरांनी कधी पाहिला नव्हता. “असं का केलंत सर?” ते म्हणाले. “तुमचं काय जात होतं?”

“वर्गात नाव नसलेल्याला या खोलीत येऊ देत नाहीत, असं कुठे छापलंय?”

“छापलेलं नाही,” काका म्हणाले. “पण येऊन काय सांगू? काय काम आहे म्हणून शिपाई विचारेल.”

“मी तरी इथे काय काम म्हणून बसतो?” सर म्हणाले. “हे पेपर आठवड्याच्या आत तपासून व्हायला हवेत, असं मी दर वर्षी म्हणतो. होत नाहीत, कारण मी ते घरी नेत नाही. घरी नेले तर तपासून होतील, आणि मग इथे यायचं कारण राहणार नाही. तिकडे दिवासुद्धा मलाच लावावा लागतो हो.” एवढं बोलून त्यांनाच कानकोंडं झालं असावं, कारण त्यांनी गठ्ठा उगाच सरळ केला. “उद्या या.”

“काय करायचंय?”

“काही नाही.”

काका घरी गेले. ताटावर फोन ठेवला. वर्गाच्या गटावर आता नक्की मिळणाऱ्या पहिल्या वर्गाबद्दल ताईचं आगाऊ अभिनंदन चाललं होतं, कुणी कुठे जेवायला जमलेत त्याचे फोटो होते. मुलीचाही फोन आला. तिनं पास झालात का विचारलं, काका हो म्हणाले, ती म्हणाली, “वा बाबा, फार छान. ठेवू?” काकांनी ठेव म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. रस्ताभर ते विषय शोधत होते. सायकलवर नवीन काय बोलता येईल, दुधाची काही बाजू राहिली आहे का, निदान हवेबद्दल एखादी हरकत. एकही सापडली नाही. जिना चढून दारात आले तेव्हा डोकं पार रिकामं होतं, आणि आता परत फिरावं असं त्यांच्या मनात आलं.

सर गठ्ठ्यात मान घालून बसले होते. मान वर न करता त्यांनी पायानं समोरची खुर्ची थोडी मागे सरकवली.

काका बसले. सरांनी पुठ्ठा एका उत्तरपत्रिकेवर ठेवला, उचलला, दुसरीवर ठेवला. बाहेर कुणीतरी व्हरांडा झाडत होतं. बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत, आणि कुणी उठूनही गेलं नाही.